पत्त्यातली छावणी

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या मानपाड्याच्या घरी लाकडी कपाट आले. टेम्पो कल्याण-शीळ रस्त्याच्या गर्दीत अडकला होता. कपाट वर चढवून झाल्यावर दोघे हमाल जिन्यातच पाणी पीत बसले आणि मी बिल वाचत उभा राहिलो. दुकानाच्या नावाखाली पत्ता होता : ‘बी. के. नं.’, त्यापुढे अठराशेच्या घरातला एक आकडा, मग सेक्शनचा नंबर, मग ‘उल्हासनगर-४’ आणि शेवटी ४२१००४. असले पत्ते या बाजूला राहणाऱ्या प्रत्येकाने शेकडो वेळा पाहिलेले असतात. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

‘बी. के.’ म्हणजे बॅरेक, सैनिकांना राहण्यासाठी बांधतात ती लांबट इमारत. फर्निचरच्या दुकानाला बॅरेकचा नंबर कशासाठी, याचे उत्तर ढोबळमानाने सगळ्यांना ठाऊक आहे. इथे लष्करी छावणी होती, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यांनी शहर उभे केले. तीन वाक्यांत गोष्ट संपते. पण या तीन वाक्यांच्या मधल्या जागेत काय घडले ते कागदांवरून जुळवायला बसले की एकेक वाक्य सैल होऊ लागते. संकटात सापडलेला समाज तग कसा धरतो, हा प्रश्न जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांनी महासाथीनंतर आणि नव्या युद्धांच्या काळात पुन्हा हाती घेतला आहे. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. डोंबिवलीला गाडी पकडली की ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी आणि मग उल्हासनगर.

सुरुवात पत्त्याच्या शेवटापासून करू, कारण तिथली तारीख पक्की आहे. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. आमच्या मानपाड्याचा ४२१२०४, कल्याणचा ४२१३०१. उल्हासनगरला मात्र ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत ओळीने पाच क्रमांक आहेत, आणि शेवटचा आकडा कॅम्पच्या नंबराशी तंतोतंत जुळतो. कॅम्प १ ला ००१, कॅम्प ४ ला ००४. टपालखात्याने १९७२ मध्ये हे क्रमांक दिले तेव्हा गाव नगरपालिका होऊन बारा वर्षे झाली होती, म्हणजे कागदोपत्री छावणी केव्हाच संपली होती. तरी पत्र पोचवायचे तर पाच कॅम्पच धरावे लागले. बोलण्यातही तेच आहे. कल्याणचा माणूस आजही ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतो आणि रिक्षावाला ‘तीन नंबर, तीन नंबर’ असे ओरडतो. पाच कॅम्प होते, ते एकाच आखणीत होते आणि त्यांचे नंबर लोकांच्या तोंडी इतके मुरले होते की सरकारी यंत्रणेला ते बदलता आले नाहीत, एवढे या पुराव्यावरून निश्चित म्हणता येते.

त्यामागचा थर युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ इंग्रज सरकारने लष्कराची ट्रान्झिट छावणी वसवली. येणारे-जाणारे सैन्य इथे काही काळ थांबायचे आणि पुढे रवाना व्हायचे. छावणीविषयी जे आकडे वारंवार दिले जातात ते असे : ६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसांची सोय, आणि २,१२६ बॅरेकी. याच्याच जोडीला १,१७३ असा आणखी एक आकडा येतो, पण तो खोल्यांचा की आणखी कशाचा हे सांगणाऱ्यागणिक बदलते, म्हणून मी तो हिशेबात धरलेला नाही. २,१२६ हा आकडा मात्र नेमका आहे, गोळाबेरजेचा नाही. असा आकडा कुणीतरी मोजल्याशिवाय येत नाही. माझ्या बिलावरचा नंबर अठराशेच्या घरातला. तो २,१२६ शी विसंगत नाही, यापेक्षा जास्त काही त्यावरून सिद्ध होत नाही, पण एका कपाटाच्या बिलाने एवढी साक्ष दिली तरी मला पुष्कळ वाटले.

‘इतर ३०,०००’ म्हणजे कोण? सैनिकांच्या पाचपट माणसे छावणीत कशाला हवीत? इथे एका जागेचे नाव मदतीला येते. कॅम्प ३ मध्ये ‘फॉलोअर लाइन’ नावाचा भाग आहे. चौक आहे, दुकाने आहेत, कुणाला त्या नावाचे काही वाटत नाही. लष्कराच्या भाषेत फॉलोअर म्हणजे फौजेबरोबर राहणारी बिनलढाऊ माणसे : स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, सफाई करणारे, खेचरे सांभाळणारे. त्यांच्या राहण्याच्या ओळी त्या फॉलोअर लाइन्स. छावणीत अशा माणसांची स्वतंत्र वस्ती होती हे नावावरून स्पष्ट दिसते. ‘इतर ३०,०००’ मध्ये त्यांचा भरणा मोठा असावा, हा माझा तर्क आहे. तो खरा असेल तर आणखी एक गोष्ट ओघाने येते. फाळणीतून आलेल्या माणसांच्या वाट्याला जी घरे आली, त्यांतली बरीचशी मुळात सर्वांत खालच्या माणसांसाठी, सर्वांत कमी खर्चात बांधलेली होती.

युद्ध संपले, छावणी ओस पडली. दोनेक वर्षांनी ती पुन्हा भरली, ती कशी, याच्या तारखा नीट लावून घेतल्या पाहिजेत, कारण इथे पंजाबची गोष्ट नकळत सिंधला चिकटवली जाते. पंजाबात १९४७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात रक्ताचे पाट वाहिले. सिंधमध्ये तसे झाले नाही. १९४१ च्या जनगणनेत सिंधच्या लोकसंख्येत हिंदू चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक होते. शहरांतली दुकाने, पेढ्या, शाळा, कचेऱ्या यांत ते मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यातले पुष्कळ जण फाळणीनंतरही काही महिने जागेवर राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये सिंधच्या हैदराबादेत दंगल झाली आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत. त्या दिवसानंतर राहण्याचा विचार जवळजवळ सगळ्यांनीच सोडला. कराचीहून बोटीने मुंबई आणि काठेवाडची बंदरे, किंवा रेल्वेने खोखरापार-मुनाबाववरून जोधपूर, या दोन वाटांनी माणसे निघाली.

त्यांनी मुंबईचीच वाट का धरली, याला जुने कारण आहे. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि १ एप्रिल १९३६ ला वेगळा प्रांत केला. म्हणजे एकोणनव्वद वर्षे कराचीचा कारभार मुंबईतून चालत होता. १९४८ मध्ये बोटीवरून उतरलेल्या चाळिशीच्या माणसाने शाळेत आणि कचेरीत मुंबई सरकारचीच मोहर पाहिलेली होती. अनोळखी मुलुखात आलेला समाज असे आपण सहज लिहून जातो. कागद सांगतात की निदान कारभाराच्या अंगाने हा मुलूख त्यांना सर्वस्वी अनोळखी नव्हता.

मुंबई सरकारने त्यांचे स्वागत कसे केले याची साक्ष कायद्याच्या नावातच आहे : ‘बॉम्बे रेफ्युजीज ॲक्ट, १९४८’. निर्वासितांनी नोंदणी करावी आणि सरकार सांगेल तिथे राहावे, अशी सक्ती करण्याचे अधिकार या कायद्याने सरकारकडे घेतले. मुंबई आधीच भरलेली होती, सरकारला गर्दी शहराबाहेर हवी होती. कल्याणच्या बॅरेकी तयारच होत्या. याच माणसांसाठी केंद्राने १९५० आणि १९५४ मध्ये केलेल्या कायद्यांत मात्र ‘रेफ्युजी’ हा शब्द जाऊन ‘डिस्प्लेस्ड पर्सन’, म्हणजे विस्थापित, हा शब्द आला. लोकांना यातला एकही नको होता. शरणार्थी म्हटले की ‘आम्ही पुरुषार्थी’ असे उत्तर मिळायचे, ही आठवण पंजाबी आणि सिंधी दोन्ही समाजांत आहे.

विस्थापित कोण, याची त्या कायद्यांतली व्याख्या सावकाश वाचण्यासारखी आहे. १ मार्च १९४७ नंतर, भारत आणि पाकिस्तान निर्माण झाल्यामुळे, किंवा दंगलींमुळे ‘किंवा अशा दंगलींच्या भीतीमुळे’ ज्याला राहते ठिकाण सोडावे लागले तो. त्यात भीतीचा वेगळा उल्लेख आहे. सिंधमधल्या कित्येकांना तो नेमका लागू पडतो, कारण त्यांच्या गल्लीत खून झालेला नव्हता, घर जळलेले नव्हते. त्यांनी येऊ घातलेल्या दिवसाचा अंदाज घेऊन कुलूप लावले होते. कायद्याच्या कोरड्या भाषेत माणसाच्या मनातल्या धास्तीला इतकी स्पष्ट जागा क्वचित मिळते.

आता दगडाची साक्ष. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीच्या शहराची कोनशिला बसली आणि नाव ठेवले गेले, उल्हासनगर. हा दिवस आजही शहराचा वाढदिवस म्हणून पाळतात, तेव्हा तारखेबद्दल शंका नाही. शंका नावाच्या अर्थाबद्दल आहे. उल्हास म्हणजे आनंद, म्हणून ही ‘आनंदनगरी’, असे एक स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. दुसरे स्पष्टीकरण नदीचे. बोरघाटाच्या बाजूने उतरून कल्याणच्या खाडीला मिळणारी उल्हास इथून जवळच वाहते. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ती याच नावाने आहे. नाव कोनशिलेपेक्षा निदान ६७ वर्षे जुने आहे, म्हणून नदी मी निश्चित धरतो आणि आनंद हा त्यावरचा श्लेष. सिंधू नदीच्या काठच्या माणसांना, ज्यांचा इष्टदेव झुलेलाल पल्ला माशावर बसून पाण्यातून येतो, दुसऱ्या एका नदीच्या नावाचे गाव मिळाले. हा योग ठरवून साधला असेल असे मानायला आधार नाही. पण चालिहोच्या चाळीस दिवसांच्या व्रतानंतर बहराणा, म्हणजे दिवा आणि प्रसादाचे तबक, पाण्यात सोडायला निघालेली मिरवणूक पाहिली की तो योग मनातून जात नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. माणसे किती आली? ‘एक लाखाहून अधिक’ असे जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. १ मार्च १९५१ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या आहे ८०,८६१. लाख आणि ऐंशी हजार यांच्यामध्ये निदान एकोणीस हजार माणसे नाहीशी होतात. हा छोटा आकडा नव्हे, त्या काळी ते एक मध्यम आकाराचे गाव झाले असते.

तीन शक्यता दिसतात. ‘लाख’ हा आकडा तोंडी गोळाबेरजेचा असेल, ही पहिली. ती नाकारता येत नाही, पण एवढ्यावर थांबणे आळशीपणाचे होईल. दुसरी, १९४८ मध्ये माणसे खरोखर लाखावर होती आणि १९५१ पर्यंत वीसेक हजार निघून गेली. तिसरी, लाख ही एकाच वेळी राहणाऱ्यांची संख्या नसून तीन वर्षांत छावणीतून गेलेल्यांची असेल. माझा कल दुसरी आणि तिसरी एकत्र धरण्याकडे आहे, आणि त्याला कारण पुढच्या जनगणनेत सापडते. १९६१ मध्ये लोकसंख्या १,०७,७६० झाली. दहा वर्षांतली वाढ ३३ टक्के, तर महाराष्ट्राची त्याच दशकातली साधारण २४ टक्के. माणसे नुसतीच पळत असती तर हे झाले नसते. काही मुंबईला, पिंपरीला, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेली असणार, आणि इतर छावण्या मोडल्यावर तिथली इकडे आली असणार. पाहुण्याला पाहुणा बोलावत होता. ट्रान्झिट छावणी हे नाव सैन्य गेल्यावरही काही वर्षे खरेच राहिले होते.

८०,८६१ हाच आकडा धरून एक साधा भागाकार करू. भागिले २,१२६ बॅरेकी. उत्तर ३८. सगळ्या बॅरेकी सारख्या नव्हत्या आणि १९५१ पर्यंत थोडेफार नवे बांधकाम झालेले असेल, म्हणून हे ३८ केवळ अंदाजापुरते. पण सैनिक आणि इतर मिळून ३६,००० जणांच्या सोयीच्या जागेत त्याच्या सव्वादोनपट माणसे राहत होती, एवढे त्यातून दिसते, आणि सैनिक एकटा असतो. इथे आजी, तान्ही मुले, लग्नाच्या मुली, आजारी माणसे होती.

बॅरेकीची रचना ठाऊक आहे : मध्ये मोठा लांबट हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. टोकाची खोली मिळाली त्या कुटुंबाला दार आणि भिंती मिळाल्या. हॉलमध्ये जे आले त्यांना जमिनीचा एक तुकडा मिळाला. या तुकड्यांच्या सीमा काय होत्या ते एकाही सरकारी कागदात सापडायचे नाही, पण छावणीत बालपण गेलेल्यांच्या आठवणींत ते पुन्हा पुन्हा येते : गोणपाट. दोरी बांधायची, त्यावर पोती उसवून केलेले पडदे किंवा जुन्या चादरी टाकायच्या, आणि झाले घर. पडद्यापलीकडचा खोकला, भांडण, रडणे सगळे ऐकू येणार. नळावर रांग, शौचालयापुढे रांग, शिध्यापुढे रांग. नंदिता भवनानी यांचे ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ हे २०१४ चे पुस्तक अशा मुलाखती आणि त्या काळची कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहते. आठवणी साठ वर्षांनी सांगितलेल्या आहेत, त्यांना तारखा विचारू नयेत. पण एकमेकांना न ओळखणारी माणसे तोच गोणपाट सांगतात तेव्हा मी तो मान्य करतो.

पडद्याआड काय चालले होते? सिंधमध्ये घराबाहेर कमवायला न जाणाऱ्या बायका इथे पापड लाटू लागल्या, लोणची घालू लागल्या, शिवण घेऊ लागल्या. पुरुष आणि पोरे तो आणि इतर माल लोकलच्या डब्यांतून विकत मुंबईपर्यंत जाऊ लागली : पापड, गोळ्या, कंगवे, कटपीस. याला वहीखाते नाही. परवाना नसलेल्या विक्रीची नोंद फक्त दंडाच्या पावतीत राहते, आणि पावत्या कोण जपतो? १९४९ मध्ये मोफत शिधा बंद करण्याकडे सरकारचे धोरण वळले, त्या वेळी हा धंदा आधीच उभा होता की शिधा थांबल्यामुळे उभा राहिला, हा क्रम लावता आला असता तर पुष्कळ उलगडले असते. आठवणींचा सूर पहिल्या शक्यतेकडे झुकतो. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ छापायचे आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगायचा, ही कथा मात्र सांगीवांगीची आहे. ती सगळ्यांना येते आणि कुणाकडेही तसा शिक्का नसतो. ती पुराव्यात धरू नये. या माणसांच्या मेहनतीला तिने नाहक हलके करून ठेवले आहे.

संशोधक या छावण्यांकडे फार लवकर वळले होते, हे मला या शोधात सगळ्यात अनपेक्षित वाटले. १९५० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी युनेस्कोच्या वतीने भारतातल्या सामाजिक तणावांचा अभ्यास करायला आले. त्यांचे ‘इन द माइंड्स ऑफ मेन’ १९५३ मध्ये निघाले. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील आणि पी. एच. कॅबिनेटमेकर यांनी १९५६ मध्ये विस्थापित आणि सरकार यांच्या संबंधांवर पुस्तक लिहिले, त्याच्याही उपशीर्षकात ‘सामाजिक तणाव’ आहेत. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर बार्नो यांनी १९५४ मध्ये एका सिंधी निर्वासित वस्तीच्या समाजरचनेवर लेख लिहिला आणि १९६६ मध्ये दुसरा, ‘द सिंधीज, मर्कंटाइल रेफ्युजीज इन इंडिया’. यू. टी. ठाकूर यांचा ‘सिंधी कल्चर’ हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये काढला.

शीर्षके ओळीने ठेवली की प्रश्न कसा सरकत गेला ते दिसते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना काळजी होती की ही माणसे पेटतील का. १९६६ पर्यंत काळजी मिटून ‘व्यापारी निर्वासित’ असे वर्णन पक्के झाले. सिंधी मुळातच व्यापारी, म्हणून ते सावरले. हे स्पष्टीकरण आपल्या मराठी बोलण्यातही आहे, आणि मला ते अपुरे वाटते. सिंधी हिंदूंत भाईबंद व्यापारी होते तसे आमिल होते, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी, वकिली, शिक्षकी करणारे. त्यांच्या हाती तराजू कधी नव्हता. क्लॉड मार्कोविट्स यांनी २००० साली बुखाऱ्यापासून पनामापर्यंत पसरलेल्या सिंधी व्यापाराचा इतिहास लिहिला, पण ती मोठी पेढीवाली घराणी प्रामुख्याने शिकारपूर आणि हैदराबादची. ज्यांच्या परदेशात पेढ्या होत्या त्यांना गोणपाटाच्या पडद्याआड राहण्याची वेळ सहसा आली नसणार. बॅरेकीत आलेला माणूस बहुधा गावातला छोटा दुकानदार, नोकरदार, कारागीर होता. स्वभावात व्यापार असणे आणि खिशात भांडवल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग त्यांना कशाने तारले? कागदांत मला एक वेगळीच खूण दिसते, ती संस्थांच्या नावांत. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजच्या प्राध्यापकांनी मुंबईत येऊन १९४८ मध्येच जयहिंद कॉलेज काढले. हैदराबादेत १९२२ मध्ये निघालेल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभे केले. त्यांच्या मंडळाचे नाव पाहा : ‘हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड’. हैदराबाद गेले होते, तरी मंडळाच्या नावातून ते काढले नाही. याच मंडळाचे चांदीबाई कॉलेज १९६५ पासून उल्हासनगरात आहे. हैदराबाद मागे राहिले, कॉलेज पुढे आले. पंचायतींचेही तसेच. सिंधमधल्या ज्या गावची माणसे त्या गावच्या नावाची पंचायत, आणि लग्न, मयत, भांडण, विधवेचा खर्च यांचा निवाडा तिथे. कॅम्प ५ च्या चालिहो मंदिरातली अखंड ज्योत सिंधहून आणलेली आहे असे मंदिराची परंपरा सांगते. ज्योतीच्या प्रवासाला कागद नाही. पण ही श्रद्धा जपणाऱ्यांनी काय आणले म्हणून आठवणीत ठेवले, याचा ती उत्तम पुरावा आहे. पैसा सोडून यावा लागला, घर सोडून यावे लागले. एकत्र बसून ठरवण्याची रीत गाठोड्यात मावली.

सरकारने भरपाई दिली, ही बाजूही तपासली पाहिजे. १९५० च्या कायद्याने दावे मागवले आणि १९५४ च्या कायद्याने भरपाईचा मार्ग घालून दिला. राहती बॅरेक किंवा भूखंड दाव्याच्या रकमेत वळता करून रहिवाशाच्या नावे करता येत असे, आणि त्याची सनद हा आजही उल्हासनगरातल्या घराघरांतला सर्वांत मौल्यवान कागद आहे. पण दावा करता येत होता तो स्थावर मिळकतीचा. दुकानातला माल, उधारी, सोने, पेढीची पत यांचा दावा नव्हता. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कारकुनाला दाखवायला काहीच नव्हते. म्हणजे जे ‘व्यापारी’ म्हणून सावरले असे म्हणतात, त्यांच्या व्यापाराची किंमत कायद्याने शून्य धरली होती. ही केंद्राची कायदेमाला २००५ मध्ये रद्द झाली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला खास कायदा करावा लागला. छावणीच्या आखणीवर शहर उगवले की कागद आणि भिंत एकमेकांना सापडत नाहीत, त्याचा हिशेब अजून चालू आहे.

एका जागी मात्र ही कहाणी मला अस्वस्थ करते. छावणीची जमीन रिकामी होती, ओसाड होती, असे सगळे लिहितात. कल्याण तालुक्यात भातशेतीच्या पट्ट्यात शेकडो एकर जमीन कुणाचीच नसते, हे पटत नाही. कानसई हे नाव आजही या भागात आहे, शहराच्या कडेला शहाड आणि म्हारळ आहेत. ही गावे छावणी आल्यानंतर वसलेली नाहीत. त्याच युद्धासाठी मलंगगड रस्त्यावर नेवाळीला धावपट्टी झाली. तिथल्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की जमीन युद्धापुरती घेतली होती आणि परत मिळायची होती. नौदलाचे म्हणणे असे की ती रीतसर संपादित आहे. २२ जून २०१७ रोजी कुंपणावरून तिथे आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली. मानपाड्याहून ते गाव काही किलोमीटरांवर आहे. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरून पोलिसांच्या गाड्या जाताना मी पाहिल्या आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे युद्ध आपल्या नाक्यावर अजून संपलेले नाही हे पहिल्यांदा लक्षात आले. एका समाजाच्या तग धरण्याची कहाणी ज्या जमिनीवर उभी आहे, तिच्या जुन्या कुळांनी कसा तग धरला, याचे पुस्तक मी शोधतो आहे. ते सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारांत असणार.

कपाटाच्या एका दाराचे बिजागर सैल निघाले, त्या निमित्ताने मी बिल घेऊन कॅम्प ४ मध्ये गेलो. नंबर शोधत फिरलो. बॅरेक दिसली नाही. त्या जागी चार मजली इमारत होती, खाली फर्निचर, वर शिवणयंत्रांचा आवाज. दुकानदाराला विचारले, बॅरेक कुठली? त्याने हातातली टेप गुंडाळत भिंतीकडे बोट केले. विजेच्या मीटरखाली, हिरव्या रंगावर पांढऱ्या रंगाने, तोच नंबर लिहिला होता. ‘बॅरेक आजोबांच्या वेळी होती,’ तो म्हणाला, ‘मीटर अजून तिच्याच नावावर येतो.’